सतरा शाली आणि दोन खांदे

पानमळ्यांच्या एका गावात एक बाई होत्या, आणि त्या बाईंचा गावाला इतका अभिमान होता की त्या अभिमानाखाली त्या जवळजवळ दबून गेल्या. कशा दबल्या आणि कशा सावरल्या, ते ऐका.

गाव नदीकाठचं. काळी माती, बारमाही पाणी, आणि जिकडे पाहावं तिकडे शेवरीच्या झाडांवर चढलेल्या पानवेली. इथलं पान तळहाताएवढं आणि हिरवंगार. बाजारात करंडी उघडली की व्यापारी न विचारता गाव ओळखत. मळ्यात शिरताना पायातल्या वहाणा बाहेर काढायच्या, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. पाहुणा असो, व्यापारी असो, नाहीतर तालुक्याचा साहेब असो, वहाणा बांधावर निघाल्याच पाहिजेत. वेल नाजूक असते, तिला जपून वागवावं, असं म्हातारी माणसं सांगत आणि सगळे निमूट ऐकत.

गावाचे सरपंच भूपालअण्णा. पानमळ्यातच त्यांचे केस पिकले होते. लांबून वेलीकडे नुसतं पाहून ते सांगत, "हिला पाणी कमी पडलंय," नाहीतर, "ही दमलीय." आणि ते खरंच निघे. माणूस मनाचा चांगला, पण भारी मानी. आपल्या गावात काही कमी आहे, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्यात नदीपलीकडच्या गावचे सरपंच रावसाहेब यांच्याशी त्यांची जुनी चढाओढ. पलीकडे पाण्याची टाकी झाली, तेव्हा अण्णांनी अलीकडे कमान उभी केली. कमानीखालून जायला धड रस्ता नव्हता, पण कमान टाकीपेक्षा उंच होती.

या चढाओढीत अण्णांचा हुकमी एक्का म्हणजे शाळेच्या बाई. नाव हेमलताबाई, पण बारा वर्षांत गावानं ते नाव कधी घेतलं नव्हतं. 'बाई' म्हटलं की त्याच. पहिली ते चौथी असे चार वर्ग, आणि ते सांभाळणाऱ्या बाई एकट्या. पलीकडच्या गावात चार शिक्षक होते. तरी शिष्यवृत्तीच्या यादीत नावं झळकत ती अलीकडच्या पोरांची. पहिलीतलं पोर दिवाळीपर्यंत आपलं नाव लिही आणि दुसरीतलं पोर आजीला पोथी वाचून दाखवी. दर शनिवारी शेवटच्या तासाला बाई गोष्ट सांगत. ती गोष्ट ऐकायला आजारी पोरंसुद्धा घरातून पळून येत.

खरं म्हणजे शाळेत दोन शिक्षकांची जागा होती. दुसरे गुरुजी नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले, ती जागा तशीच राहिली. तालुक्याचे शिक्षण खात्याचे साहेब दरवर्षी येत आणि जाताना विचारत, "सरपंच, शाळेत काही कमी?"

अण्णा छाती काढून म्हणत, "कमी? आमची एक बाई चौघांना भारी हाय, साहेब!"

साहेब हसत. कागदावर 'काही कमी नाही' असं लिहून निघून जात. मग अण्णा मुद्दाम नदीपलीकडे जाऊन रावसाहेबांच्या ओट्यावर बसत आणि साहेब काय म्हणाले ते रंगवून सांगत. बाई हे सगळं ऐकत आणि काही बोलत नसत. गाव इतक्या कौतुकानं आपल्याकडे पाहतंय, त्यात आपण रडगाणं काय गायचं, असं त्यांना वाटे.

बाईंना सगळं येतं, हे एकदा गावाला कळलं आणि मग गावाला काहीच येईनासं झालं. विजेच्या बिलाची तक्रार असो की जातीच्या दाखल्याचा अर्ज, बाईंनी लिहायचा. लग्नपत्रिकेचा मजकूर त्यांनीच तपासायचा. सासू-सुनेचं फाटलं तर दोघी बाईंकडे येत, तेही वेगवेगळ्या वेळी. दुपारच्या खिचडीचे तांदूळ बाई मापून देत, शाळेचा हौद भरला की नाही ते बाई पाहत, गावसभेचा वृत्तान्त बाई लिहीत. वर सरकारची मतदारयादी, घरोघरची मोजणी आणि साहेबांच्या कचेरीतून येणारे तक्ते. माणसं भर तासाला वहाणांसकट वर्गात शिरत आणि म्हणत, "बाई, एवढं द्या की लिहून. दोन मिंटाचं काम हाय." फळ्यावरचं गणित अर्ध्यात थांबे. पोरं तोंडाकडे बघत बसत.

आणि गाव कृतघ्न होतं असं कुणी समजू नये. गाव सत्कार करी! वर्षातून एकदा तरी मंडप पडे आणि बाईंच्या खांद्यावर शाल पडे. आता सत्कार म्हटला की मानपत्र आलं. ते कोण लिहिणार? गावात बाईंसारखं सुंदर अक्षर कुणाचं नव्हतं. तेव्हा बाईंचं मानपत्र बाईच लिहीत. 'आमच्या लाडक्या, कष्टाळू, अष्टपैलू बाई' हे शब्द स्वतःबद्दल लिहिताना त्यांना पहिल्या वर्षी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुढे सवय झाली. स्वागतगीत त्याच बसवून घेत, खुर्च्या त्याच मांडून घेत, हार कुठे ठेवलाय तेही त्यांनाच ठाऊक असे. नाव पुकारलं की पदराला हात पुसत त्या मंचावर येत, शाल घेत आणि लगेच खाली उतरून कुणाला चहा मिळाला नाही ते पाहू लागत. अशा सतरा शाली झाल्या. एका पत्र्याच्या पेटीत त्या घडीवर घडी ठेवलेल्या होत्या.

अण्णांची नात पद्मजा दुसरीत होती. एकदा शनिवारी ती शाळेतून आली आणि दप्तर न काढताच ओसरीवर बसली.

"आजोबा, आजबी बाईंनी गोष्ट सांगितली न्हाई."

"इसरल्या असतील."

"चार शनिवार झाले. 'वाचत बसा' म्हणतात आन् खिडकीतनं बघत बसतात. फळ्यावर पण इवलं इवलं लिवतात. मागच्या पोरांना दिसतच न्हाई."

अण्णांना हे कुठेतरी खटकलं. पण खटकलेल्या गोष्टीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं. बाईंना हुरूप आला पाहिजे, म्हणजे मोठा सत्कार केला पाहिजे! या वेळी शाल जरीकाठाची आणायची, तालुक्याच्या साहेबांना बोलवायचं आणि पलीकडच्या रावसाहेबांना पहिल्या रांगेत बसवायचं. नुसत्या कल्पनेनंच अण्णा खूश झाले. सोमवारी ते तरातरा शाळेत गेले आणि वहाणा वाजवत थेट वर्गात शिरले.

तिथे त्यांच्या आधीच त्यांचा पुतण्या जिनपाल उभा होता. हा पठ्ठ्या बी.ए. झालेला, पण पाइपाच्या अनुदानाचा अर्ज बाईंकडून लिहून घेत होता.

"बाई," अण्णा म्हणाले, "येत्या रविवारी तुमचा सत्कार हाय. असा करू की तालुका बघत ऱ्हाईल. मानपत्र तेवढं झकास लिवा."

बाईंनी मान वर केली. अण्णांना वाटलं, त्या काहीतरी बोलणार. पण त्या "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा जिनपालच्या अर्जाकडे वळल्या.

गुरुवारी दुपारी अण्णा मानपत्र न्यायला गेले. वर्गात चौथीच्या मुली पहिलीला बाराखडी गिरवायला लावत होत्या. बाई टेबलाशी बसल्या होत्या. पुढे तीन वह्या उघड्या होत्या आणि हातात खडू होता, पण त्या ना लिहीत होत्या ना वाचत होत्या. अण्णा पुढ्यात जाऊन उभे राहिले तरी त्यांना कळायला वेळ लागला.

"बाई, झालं का मानपत्र?"

"नाही अण्णा. लिहायला बसले होते. 'आमच्या' एवढा एकच शब्द झाला. पुढे काही सुचलं नाही."

अण्णा मोठ्यानं हसले. "तुमास्नी न्हाई सुचलं तर आनि कुणाला सुचायचं?"

"दुसरं एक सुचलं, तेवढं लिहून ठेवलंय," असं म्हणून बाईंनी वहीखालचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला, इतकं अक्षर बारीक होतं. तो राजीनामा होता. रविवारी साहेब येणारच आहेत, तेव्हा त्यांच्याच हाती देईन, असं बाई म्हणाल्या. आवाज शांत होता, आणि त्याचाच अण्णांना जास्त राग आला.

"गावानं काय कमी केलं तुमास्नी?" ते कडाडले. पोरं दचकली. "कुठल्या गावात करत्यात एवढा मान? सतरा शाली घातल्या आमी!"

"शाली सतरा आहेत, अण्णा," बाई म्हणाल्या. "खांदे दोनच आहेत."

 बाईंनी पोरांना अंगणात खेळायला सोडलं आणि मग हळू आवाजात सांगितलं, "परवा तुमच्या पद्मजाचा पाढा चुकला. मी पट्टी उचलली. मारली नाही, पण हात वर गेला होता. ती माझ्याकडे बघत होती. बारा वर्षांत कुठल्याच पोरानं माझ्याकडे असं भिऊन बघितलं नव्हतं. पाढा तर मुलांचा चुकायचाच की, अण्णा. चुकतो म्हणून तर शाळा असते. पण माझ्याजवळ आता धीरच उरला नाही. मला शिकवायला अजून आवडतं. शिकवायलाच मिळत नाही, एवढंच. उद्या पोरांना मारणारी बाई होऊन राहण्यापेक्षा आज गेलेली बरी."

अण्णा फणकाऱ्यानं बाहेर पडले. वाटभर पुटपुटत होते. करा लोकांचं कौतुक, करा! राग आला की ते मळ्यात जात, तसे आताही मळ्यात गेले. बांधावर वहाणा काढल्या आणि आत शिरले.

दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे, वेली उतरवायचे होते. पानवेलीचं एक असतं. वर्षभर पानं खुडली की वेल उंच जाते, शेंडा लांबतो आणि पान बारीक होऊ लागतं. मग ती झाडावरून सोडवून खाली घेतात, तिचं वेटोळं करून मातीत निजवतात, वर खत-माती देतात आणि काही दिवस तिला हात लावत नाहीत. विसावलेली वेल पुन्हा जोमानं चढते. सगळं गाव या कामाला लागलं होतं. फक्त शेजारच्या तुकड्यात जिनपाल अजून पानंच खुडत होता.

"का रं, येल कधी उतरवणार?" अण्णांनी हाक मारली.

"उतरवायची कशाला, काका? अजून देतीया की पानं. देतीया तवर घ्यायची."

झालं! शाळेतला सगळा राग जिनपालवर निघाला. "देतीया म्हणून घेतच ऱ्हायचं व्हय रं? पान बघ केवढुसं झालंय! वरीसभर तिनं दिलं. आता तिला खाली घे, निजव, खायाप्यायला घाल, आन् महिनाभर तिच्या वाटंला जाऊ नगंस. तिला तोंड न्हाई, ती मागत न्हाई, म्हणून तिला काय लागतच न्हाई असं वाटलं व्हय तुला?"

बोलता बोलता अण्णा थांबले. हातात त्या वेलीचं एक बारीक पान होतं. त्यांनी ते पाहिलं, मग खाली आपल्या पायांकडे पाहिलं. पाय अनवाणी होते. तासाभरापूर्वी याच पायांत वहाणा घालून ते वर्ग चालू असताना आत शिरले होते आणि पोरांच्या देखत ओरडले होते. लांबून वेलीची दमणूक ओळखणारा हा माणूस, त्याला रोज समोर दिसणारं माणूस ओळखता आलं नव्हतं. अण्णांना स्वतःची फार लाज वाटली. ते तिथेच वाफ्याच्या कडेला मटकन बसले.

"काय झालं, काका?" जिनपाल धावत आला.

"काय न्हाई. पोरा, आपण येलीला जपलं, आन् बाईला न्हाई."

आता करायचं काय, हे त्यांना लगेच कळलं होतं. ते करवत नव्हतं, कारण त्यासाठी रविवारी भर मंडपात उभं राहून आपल्या तोंडानं सांगावं लागणार होतं की आमच्या गावात कमी आहे. तेही साहेबांसमोर, आणि पहिल्या रांगेत रावसाहेब. निमंत्रण त्यांनीच हौसेनं दिलेलं. रावसाहेबांचं हसणं त्यांना आत्तापासूनच ऐकू येऊ लागलं. दोन दिवस अण्णांना अन्न गोड लागलं नाही. एकदा वाटलं, साहेबांना बाजूला घेऊन कानात सांगावं. पण नऊ वर्षं फुशारकी चारचौघांत मारली आणि चूक तेवढी कानात सांगायची, हे त्यांचं त्यांनाच पटेना.

रविवार उजाडला. बाई पिशवीत राजीनामा घालून मंडपात आल्या आणि सवयीनं खुर्च्या मांडायला वळल्या, तर खुर्च्या मांडलेल्या होत्या. रांगा वाकड्या होत्या, पण होत्या. हार शोधायला गेल्या, तर तो आधीच ताटात होता. पोरांनी स्वागतगीत म्हटलं, ते कुणी बसवून घेतलेलंच नव्हतं. दुसऱ्या कडव्याला अर्धी पोरं पुढे आणि अर्धी मागे राहिली. साहेबांना हसू आवरेना. बाई उठू लागल्या, तेव्हा अण्णांच्या पत्नीनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, "बसा हो बाई. आज तुमी नुसतं बसायचं."

अण्णा उठले. खिशातून घडी घातलेला वहीचा कागद काढला. 

"बाई, हे मानपत्र पहिल्यांदाच गावानं लिवलंय. म्हणून अक्षर असं हाय," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "साहेब, तुमी दरवर्षी इचारता, शाळंत काय कमी हाय का. नऊ वर्सं मी न्हाई म्हणालो. ते खोटं होतं. आमच्या शाळंत एक मास्तर कमी हाय. त्याचं काम या बाईनं एकटीनं ओढलं, आन् त्याची फुशारकी मी मारली."

 पहिल्या रांगेतून रावसाहेबांनी पायावर पाय टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग इतकी वर्सं माझ्या ओट्यावर बसून मिरवत होता, ते काय होतं, अण्णा?"

अण्णांचे कान लाल झाले. गावाला वाटलं, आता पेटतंय. 

"मिरवलं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

रावसाहेबांनी पायावरचा पाय खाली घेतला. 

अण्णा गावाकडे वळले. "आन् चूक माझी एकट्याची न्हाई. बाईनं पोरं शिकवायची, हे तिचं काम. बाकी सगळं आपलं काम आपण तिच्या गळ्यात घातलं, आन् त्यावर शाल घातली. आज मी शाल घालणार न्हाई. ज्यानं त्यानं आपलं ओझं उचलून घरी न्यावं."

पहिल्यांदा जिनपाल उठला. खाली मान घालून म्हणाला, "गावाचं अर्ज मी लिवीन. बी.ए. झालोय म्हणत्यात मला." लोक हसले आणि मंडप जरा सैलावला. मग बचतगटाच्या बायका म्हणाल्या की खिचडीचं माप आम्ही पाहतो. हौदाचं काम पंचायतीच्या शिपायानं घेतलं, ते मुळात त्याचंच होतं. मागच्या रांगेतून एक सासू ओरडली, "आमी दोघी आमचं आमी बघतो!" तिच्या सुनेनं कपाळाला हात लावला. शेवटी राजमती उभी राहिली. बाईंच्या पहिल्या वर्षाची चौथीतली विद्यार्थिनी, आता शिक्षिका व्हायचं शिक्षण पुरं करून नेमणुकीची वाट पाहत घरी होती.

"बाईंनी बारा वर्षांत एकदाही मोठी रजा काढली नाही," ती म्हणाली. "साहेबांनी परवानगी दिली तर महिनाभर मी शाळा बघते. मला वाचायला बाईंनी शिकवलंय. त्यांची पोरं मी बुडू देणार नाही."

 साहेब उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "सरपंच, खोटं तुम्ही बोललात, पण हजेरीपटावर एकच सही दिसत असताना मीही ते लिहून घेतलं," ते म्हणाले. "आणि एकच माहिती आमची कचेरी तीन-तीन तक्त्यांत मागते, हेही मला माहीत आहे. जूनमध्ये दुसरा शिक्षक येईल. तक्ता एकच येईल. राजमतीच्या परवानगीचं पत्र उद्याच धाडतो."

सगळ्यांचे डोळे बाईंकडे लागले. बाईंनी पिशवीत हात घातला. कागदाचं टोक दिसलं. पद्मजानं आजीचा पदर घट्ट धरला. आणि बाईंना रडू आलं. बारा वर्षांत गावानं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"आधी महिनाभर आईकडे जाऊन येते," त्या म्हणाल्या. "मग काय ते सांगते." कागद पिशवीत परत गेला.

जरीकाठाची अठरावी शाल अण्णांनी घडी न मोडता साहेबांच्या हातात दिली. "ही नव्या मास्तरासाठी ठेवा. आल्यावर त्यालाच घालू. पण शाळा सुटल्यावर!"

बाई आईकडे गेल्या. पहिले आठ दिवस त्या नुसत्या झोपल्या, असं पुढे त्यांच्या आईनं सांगितलं. इकडे राजमतीनं शाळा नेटानं चालवली. एक दिवस ती तालुक्याला गेली, तेव्हा अण्णा मोठ्या तोऱ्यात पहिलीच्या वर्गावर बसले. तासाभरात त्यांचा आवाज बसला, टोपी कुणीतरी लपवली आणि तिघंजण एकदम "पाणी, पाणी" म्हणू लागले. बाहेर आले तेव्हा अण्णा घामाघूम झाले होते. "एका वर्गानं माझं हे केलं," ते जिनपालला म्हणाले, "आन् ती चार वर्ग सांभाळत होती, रं!"

महिन्यानं बाई परत आल्या. आल्या आल्या त्यांनी फळा स्वच्छ पुसला आणि त्यावर तारीख लिहिली. अक्षर चांगलं टपोरं होतं. राहणार की जाणार, हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. शनिवारी शेवटच्या तासाला त्यांनी खुर्ची फळ्यापुढे ओढली आणि म्हणाल्या, "हं, कुठं थांबलो होतो आपण?" तेव्हा सगळ्यांना कळलं.

जूनमध्ये नवे गुरुजी आले. त्याच दिवशी गावानं नवा रिवाज सुरू केला. शाळेच्या उंबऱ्याबाहेर वहाणा काढायच्या, आणि तास चालू असताना आत जायचं नाही. काम कितीही दोन मिनिटांचं असो, बाहेर कट्ट्यावर बसायचं आणि घंटा झाल्यावर बोलायचं. एकदा रावसाहेब शाळा पाहायला आले आणि तडक आत निघाले, तर पाणी प्यायला बाहेर आलेल्या पद्मजानं त्यांना दारातच अडवलं.

"वहाणा काढा, आन् घंटा झाल्यावर या."

रावसाहेब कट्ट्यावर जाऊन बसले. शेजारी अण्णा आधीच बसलेले होते. दोघंही वीस मिनिटं बसून राहिले. निघताना रावसाहेबांनी हळूच विचारलं, "हे घंटेचं तुमी कसं बसवलं, ते सांगा की. आमच्याकडंबी चौघं मास्तर दमल्यात." अण्णांनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि त्यात एकदाही मिशीवर ताव दिला नाही.

थंडी पडली, तेव्हा बाईंनी पत्र्याची पेटी शाळेत आणली. सकाळच्या गारठ्यात पहिलीची पोरं सतरा शाली पांघरून पाढे म्हणू लागली. राजीनाम्याचा कागद मात्र पेटीच्या तळाशी तसाच होता. अण्णांनी तो पाहिला.

"बाई, हा फाडायचा ऱ्हायला का?"

"फाडला नाही. गावाला विसरायची सवय आहे, अण्णा."

अण्णांनी कागद पुन्हा तळाशी ठेवला. "मग असू द्या," ते म्हणाले. "फाडू नकाच."

वर्ष सरलं. तालुक्याचे साहेब आले आणि जाताना त्यांनी विचारलं, "सरपंच, शाळेत काही कमी?"

अण्णांनी पूर्वीसारखीच छाती काढली. "हाय की! बसा, लिवून घ्या. वर्गाचं एक छत गळतंय, पुस्तकं जुनी झाल्यात, आन् पहिलीला पटावर पाच पोरं वाढल्यात."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. ते गेल्यावर अण्णा कट्ट्यावर बसून राहिले. शनिवार होता, शेवटचा तास. आतून बाईंचा आवाज येत होता, मध्येच पोरं खदखदून हसत होती, आणि उघड्या खिडकीतून फळ्यावरची अक्षरं बाहेर बसल्या जागेवरून वाचता येत होती. अण्णांचा ऊर भरून आला. एवढा अभिमान त्यांना आजवर कधी वाटला नव्हता, आणि तो सांगायला ते पहिल्यांदाच नदीपलीकडे गेले नाहीत. वहाणा बाहेर काढून ठेवल्या होत्या. गोष्ट संपेपर्यंत ते तिथेच ऐकत बसले.

तात्पर्य: ज्यांचा आपल्याला अभिमान वाटतो, त्यांच्या खांद्यावर शाल घालण्याआधी त्या खांद्यावरचं आपलं ओझं उतरवून घ्यावं. शिक्षकाला कौतुकाइतकीच सोबतीची आणि विसाव्याची गरज असते, आणि ती त्यानं मागेपर्यंत वाट पाहू नये.